आठ इसा आणि एक आगळा

रविवार, १२ जानेवारी २०२५

आज आबांनी आगळ्या मेंढीची गोष्ट माझ्या धाकट्या जावेला, पूनमला सांगितली. जशीच्या तशी. हातही तसाच वर केला, हाळीही तशीच दिली. मी आत भाकरी थापत होते, तव्यावरची करपली. सासूबाई म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुजं?" ध्यान कुठं होतं ते काय सांगणार.

ती गोष्ट माझी होती. म्हणजे सासऱ्यांची, आबांचीच, पण नऊ वर्षांपूर्वी त्यांनी ती मला सांगितली होती, याच ओट्यावर. तेव्हा माझी प्रांजल पाळण्यात होती. मी धरून चालले होते की ती फक्त मलाच सांगितली आहे. आता इथे पुन्हा लिहून ठेवते, म्हणजे आधी कुणाकडे होती ते तरी राहील.

आबा दहा-बारा वर्षांचे असतील. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन सगळे कोकणाकडे निघालेले. रोज सांजेला आबांचे वडील मेंढरं मोजायचे, विसाविसाने. वीस झाली की एक खडा बाजूला. आमच्याकडे त्याला इसा म्हणतात. कळप पाच इशांचा होता. एका मुक्कामी पाच खडे झाले आणि वर एक मेंढी उरली. पाच इसा आणि एक आगळी. मोजणीत जे वर उरतं ते आगळं. वडील टेकाडावर चढले आणि चारी दिशांना हाळी दिली, "आगळं हाय हो, आगळं हाय." आमच्यात रीतच होती तशी. ज्याच्या कळपात आगळं निघालं त्याने स्वतः हाळी द्यायची आणि धनी येईपर्यंत चूल पेटवायची नाही. दीड दिवस सगळे कोरड्या भाकरीवर होते. आबा रडत म्हणाले, कुणाला कळतंय, राहू दे की. तेव्हा वडील म्हणाले, "कमी भरलं तर लांडग्याचं नाव घेता येतं. जास्ती भरलं तर कुणाचं घेशील?"

आणि शेवटी आबा म्हणतात, "आगळं ठिवून घेतलं, की ती आगळीक. त्यातनं आलाय शबूद."

पूनमने लगेच आतून जाडजूड कोश आणला. म्हणाली, "आबा, यातही तेच आहे. आगळा म्हणजे अधिक, जास्तीचा. त्यावरून आगळीक, म्हणजे मर्यादा ओलांडणं. फक्त मेंढरं नाहीत यात."

"लिवनारा मेंढरामागं गेला नसंल," आबा म्हणाले आणि दोघे हसले.

मी ओट्यावर आले तेव्हा माझ्या जागेवर तिचा कोश होता.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. पूनमचं लग्नानंतरचं पहिलं हळदीकुंकू. वस्तीवरच्या सगळ्या बायकांना तिने वाण म्हणून स्टीलचे डबे दिले. मला पेन दिलं, चांगलं डबीतलं.

मला डबा का नाही? मी घरातली म्हणून की मी काही लिहीत नाही हे दाखवून द्यायला? शिरूरच्या कॉलेजातून मी मराठी घेऊन बी. ए. झाले तेव्हा ही सहावीत असेल. एम. ए.चा फॉर्मसुद्धा भरला होता. मग लग्न ठरलं आणि फॉर्म राहिला. आता चार गाई, सात मेंढ्या, तरकारी, आणि दूध संस्थेने फुकट दिलेली ही डायरी. हिच्या मागच्या पानांवर फॅटचा तक्ता छापला आहे.

पेन छान चालतंय. त्यानेच लिहितेय.

रविवार, १९ जानेवारी

आबांनी घात केला.

पूनमच्या कॉलेजात सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी दिनाला, एक पुस्तिका काढणार आहेत. या भागातल्या मेंढपाळांचे शब्द. पूनमकडे काम आलंय. ती दौंडला तासिकेवर शिकवते, रोज न्हावऱ्याहून एसटीने चौफुला आणि तिथून पुढे. सुट्टीच्या दिवशी मोबाइल आबांपुढे ठेवून बसते. आज ती म्हणाली, "आबा, हे कुणी आधी लिहून ठेवायला हवं होतं." आणि आबा म्हणाले, "थोरलीनं लिवलंय की. नऊ वरसं लिवतीया. वही हाय तिच्याकडं."

तीन वह्या आहेत. ट्रंकेत, लग्नातल्या शालूखाली. ह्यांनासुद्धा दाखवल्या नाहीत कधी. दाखवून काय, हनुमंतरावांना उसाची तोड पाटसच्या कारखान्याला कधी लागते एवढीच चिंता.

पूनम पळतच आत आली. "ताई, खरंच? मला दाखवाल?"

"वाळवीनं खाल्ली," मी म्हणाले.

तिचा चेहरा एवढासा झाला. बरं वाटलं. मग दिवसभर वाटत राहिलं, आबांनी ऐकलं असेल का. जेवताना ते म्हणाले, "वाळवी आधी शालू खाती म्हनं." सासूबाई म्हणाल्या, "कुठाय वाळवी? बगू." मी वाढायला उठले.

शुक्रवार, २४ जानेवारी

आज विचारते, "ताई, तुमचं बी. ए. कुठल्या साली झालं? किती टक्के होते?"

मी सांगितलं, बासष्ट. तिने मोबाइलमध्ये टिपून घेतलं. हिला स्वतःचे टक्के माझ्याशी ताडून बघायचे असतील. हिचे पंचाहत्तर आहेत, रविराजभावजी लग्नाआधीपासून सांगत फिरत होते. कारेगावातल्या त्यांच्या कंपनीतल्या परप्रांतीय सुपरवायझरलाही माहीत असतील.

प्रांजल आता अभ्यास काकूपाशी बसून करते. म्हणे, काकूला सगळं येतं. मी म्हटलं, काकूला गाईची धार काढता येते का विचार. तर पोरगी म्हणाली, "काकू म्हणते ते मम्मीकडून शिकायचंय."

जळते मी. लिहून टाकलं. एकदा लिहिलं की कमी होतं असं वाटलं होतं, पण तसं काही होत नाहीये.

रविवार, २ फेब्रुवारी

आज मी एक गोष्ट केली.

आबा मेंढ्या घेऊन ओढ्याकडे गेले होते. पूनम वही घेऊन माझ्यापाशी गोठ्यात आली. शेणात चप्पल भरली तरी उभी राहिली. म्हणाली, "ताई, वही गेली तर गेली. तुमच्या डोक्यात तर असेल ना. गाई परतताना उडते त्या धुळीला गोरज म्हणतात. मेंढरांमागं जी उडते तिला आपल्यात काय म्हणतात?"

काहीच म्हणत नाहीत. धूळ म्हणतात.

मी धार काढत होते. मान वर न करता म्हणाले, "मागोटी."

कसा आला तोंडात कोण जाणे. मागून येते म्हणून मागोटी. मला स्वतःला क्षणभर वाटलं की हा शब्द असणारच. पूनमचे डोळे मोठे झाले. "मागोटी," ती म्हणाली, परत म्हणाली. "ताई, काय शब्द आहे. वाक्यात सांगा ना एक."

"मागोटी दिसली की बाया तवा ठेवायच्या," मी म्हणाले. तेही रचलेलंच.

तिने उभ्या उभ्या लिहून घेतलं. कुणी जाणता भेटला की फजिती होईल हिची. होऊ दे की एकदा. सारखं सगळ्यांनी वा वा म्हणायचं म्हणजे काय?

सोमवार, ३ फेब्रुवारी

पूनमने आबांना विचारलं. मी भिंतीआड होते.

"आबा, मागोटी म्हणजे मेंढरांमागची धूळ ना?"

आबांनी आधी खाकरून घेतलं. मग म्हणाले, "कुनी सांगितलं?"

"ताईंनी."

"मग तिलाच इच्चार. तिला ठावं."

सुटले एकदाची. आबांना आताशा सगळं आठवत नाही, वय झालं. तरी संध्याकाळी मेंढ्या कोंडल्यावर ते दावणीपाशी आले आणि उगाच माझ्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "चा कर गं थोरले." चहा तर नुकताच झाला होता.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कॉलेजातल्या सरांना मागोटी इतका आवडला की पुस्तिकेचं नावच तेच ठेवणार आहेत.

मला कणीक मळताना सांगितलं पूनमने. मी परातीतून हात काढला नाही. माझा एक शब्द, तोही खोटा, आणि आबांच्या सगळ्या खऱ्या शब्दांच्या डोक्यावर बसला. आणि हसू पण आलं, खरं सांगायचं तर. बासष्ट टक्केवालीचा शब्द आहे म्हटलं.

मग तिने विचारलं, "ताई, तुमचं नाव कसं लिहायचं? माहेरचं की शेंडगे?"

"कशाला?"

"लागतंय एका कागदावर."

रेशनकार्डाचं काम निघालं असेल. म्हटलं, अंकिता हनुमंत शेंडगे लिही, बाकी कोण ओळखतंय. फोटोही मागत होती, आबांबरोबर ओट्यावर. मी केस विंचरलेले नाहीत म्हणून टाळत होते, पण आबांनी हात धरून बसवलं. नंतर पूनम स्वतः फोटोत आली नाही, मोबाइल धरून समोर उभी होती. मला वाटलं होतं घुसेल मध्ये.

रविवार, १६ फेब्रुवारी

छपाईला जायच्या आधीचे कागद आले. पूनमने मांडीवर घेऊन आबांना सगळे शब्द वाचून दाखवले. आबा डोळे मिटून ऐकत होते आणि जमिनीवर खडे ठेवत होते. विसावर एक.

शेवटी पूनम म्हणाली, "एकशे एकसष्ट झाले, आबा."

आबांपुढे आठ खडे होते. त्यांनी मोजले, परत मोजले. "आठ इसा," ते म्हणाले, "आन् एक आगळा."

पूनम म्हणाली, "शुभच की. एकशे एक देतात तसं."

आबांनी आठही खडे मुठीत घेतले. मी दाण्याचं सूप घेऊन बसले होते. मान वर केली असती तर ते माझ्याकडेच बघत असतील असं वाटलं, म्हणून नाही केली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

कार्यक्रमाला पुण्याहून एक बाई येणार आहेत. तीस वर्षं धनगरांच्या बोलीवरच काम केलेल्या. पूनम घाबरली आहे. मघाशी भांडी घासताना म्हणाली, "ताई, जूनमध्ये एक कायमची जागा निघणार आहे. सर म्हणतात, या कामावर माझं बरंच ठरेल. काही चुकलं असलं तर त्या बाई पहिल्या मिनिटात पकडतील. तुम्ही बसाल ना माझ्याजवळ?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. छापून झालंय, तीनशे प्रती. पण तिला तरी सांगता आलं असतं. जिभेवर आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच आबांनी ओट्यावरून हाक मारली, "पोरी, पानी दे गं." पूनम पळाली. तिला पोरी म्हणतात. मला कधी म्हणाले नाहीत, मी आपली बारा वर्षं थोरलीच.

नाही सांगितलं.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

घरी आलोय. पाठ भरून आलीय, पण लिहिल्याशिवाय झोप लागायची नाही.

सकाळी रविराजभावजींनी गाडी काढली. आबा पुढे, फेट्यात. मागे सासूबाई, पूनम आणि मी. वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकत अडकत दौंडला पोचलो. हॉल भरलेला. पुण्याच्या बाई साध्याच होत्या, पांढरे केस, खादीची पिशवी. मी पूनमच्या शेजारी बसले. मी मनात म्हटलं, आज कळेल. खोटं कशाला, तसंच म्हटलं.

सरांनी पुस्तिकेवरचा कागद सोडला. वर मोठ्या अक्षरात मागोटी. खाली ओट्यावरचा फोटो, आबा आणि मी. त्याखाली 'शब्द सांगणारे म्हस्कू शेंडगे. शब्द जमवणारी अंकिता हनुमंत शेंडगे.' पूनमचं नाव शोधलं तर आतल्या पानावर सापडलं, बारीक अक्षरात, 'लेखनसाहाय्य'.

मी तिच्याकडे बघितलं. ती कानाशी म्हणाली, "आबा म्हणाले, थोरलीचं नाव घालशील तरच बोलतो. वह्यांचं कळलं त्याच दिवशी म्हणाले होते. आणि ताई, एम. ए.चा बाहेरून भरायचा फॉर्म मी आणून ठेवलाय, टक्के पुरतात." आणि वर म्हणाली, "रागावू नका."

माझं नाव पुकारलं. स्टेजवर नेलं, शाल दिली. पुण्याच्या बाई पुस्तिका चाळत म्हणाल्या की इतकी वर्षं त्या फिरल्या पण मागोटी हा शब्द त्यांना कुठे मिळाला नाही, म्हणजे ही या घराची ठेव आहे. त्यांनी नाही पकडलं. टाळ्या झाल्या. नऊ वर्षं मला जे हवं होतं ते सगळं माझ्या पुढ्यात होतं, शाल, नाव, फोटो. गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. पूनमचंही काही बिघडलं नसतं.

आबा पहिल्या रांगेत होते. हातात आठ खडे होते, घरून आणलेले. या हातातून त्या हातात करत होते.

माईक समोर आला. लोकांना वाटलं आभार मानेल. मला दुसरं काही सुचलं नाही, तोंडातून तेच निघालं. "आगळं हाय," मी म्हणाले. आवाज फुटला नाही, म्हणून परत म्हणाले, "यात एक आगळं हाय. मागोटी आबांचा शब्द न्हाई. आमच्यात असा शब्दच न्हाई. मी रचला. धाकट्या जावेची फजिती व्हावी म्हणून रचला."

पुढे काय म्हणायचं ते ठरवलं नव्हतं. म्हणून जे होतं तेच सांगितलं, की घरी वह्या आहेत, वाळवीने खाल्लेल्या नाहीत, आणि त्यात सगळे खरे आहेत.

तेवढ्यात पूनम खालून उठली. म्हणाली, "सर, तपासायची जबाबदारी माझी होती. चूक माझी आहे."

म्हणजे बघा. चूक केली मी, कबूल केली मी, आणि तीसुद्धा हिने उचलली. तिथे उभ्या उभ्या मला पुन्हा तिचा हेवा वाटला. असं कसं कुणाला पटकन उठता येतं?

सर रागावले होते, ते दिसतच होतं. प्रती वाटायच्या थांबवल्या. पुण्याच्या बाईंनी मात्र माझ्या वह्या बघायला यायचं कबूल केलं. जूनच्या जागेचं काय होईल ते पूनमला माहीत नाही. गाडीत तिने सांगितलं, तेही मी विचारल्यावर. मग म्हणाली, "परवा सांगितलं असतं तर मला फार राग आला असता ताई. आज नाही आला. कदाचित उद्या येईल." मी म्हटलं, येऊ दे.

शाल मी तिथेच खुर्चीवर ठेवली होती. सासूबाईंनी आठवणीने उचलून आणली. थंडीला बरी आहे म्हणाल्या.

उतरताना आबांनी माझ्या हातात ते आठ खडे दिले. म्हणाले, "चूल पेटीव आता, पोरी."

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

पूनमला राग आला. सकाळपासून बोलली नाही, चहा घेतला नाही, दोन तास असूनही कॉलेजला गेली नाही. दुपारी मी ट्रंक उघडली आणि तिन्ही वह्या तिच्यापुढे नेऊन ठेवल्या. तिने वर बघितलं नाही. थोड्या वेळाने पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तुमचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे." रागातच म्हणाली. मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली.

चार वाजता आम्ही ओट्यावर होतो. पूनम वह्या वाचत होती, मी लसूण सोलत होते, सासूबाई दारात वाल निवडत होत्या. काल त्यांनी सगळा कार्यक्रम पहिल्या रांगेत बसून ऐकला आणि घरी येऊन विचारलं होतं की एवढं कशाचं भांडण झालं.

समोरच्या रस्त्याने उसाचे दोन ट्रॅक्टर गेले, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले. धुळीचा लोट उठला आणि अंगणाकडे वळला.

सासूबाई वालाचं सूप पदराखाली घेत म्हणाल्या, "पूनम, दार लोट गं. मागोटी येतीया."

पूनमने दार लोटलं नाही. माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. धूळ खुशाल आत आली, वह्यांवर, लसणावर, आमच्या तोंडावर. आबा खाटेवर खोकत खोकत हसत होते. सासूबाई म्हणाल्या, "अशा बगताय काय दोघी येड्यावानी?"

मी तिसरी वही ओढली, कोरं पान काढलं. पेन पूनमने दिलं, माझंच होतं. नेहमीच्या पद्धतीने लिहिलं, आधी शब्द, मग अर्थ, मग सांगणाऱ्याचं नाव.

मागोटी. वाहनामागे उडणारी धूळ. सांगणारी अनसाबाई म्हस्कू शेंडगे.

पूनम वाकून बघत होती. म्हणाली, "तारीख टाका, ताई."